आधी काम, मग वस्ती, मग हद्द : पुणे महानगराच्या वाढीचा इतिहास

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड या तीन लष्करी छावण्या आणि त्यांना लागून असलेली गावे मिळून जो नागरी पट्टा होतो, त्याची लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख होती. १९७१ मध्ये ती ११.३ लाख, १९९१ मध्ये २४.९ लाख आणि २०११ मध्ये ५०.५ लाखांवर गेली. साठ वर्षांत आठपटींहून अधिक झालेली ही वाढ केवळ जन्म-मृत्यूच्या फरकातून होणारी नव्हे. माणसे बाहेरून आली, आणि बहुतेक कामाच्या शोधात आली. या इतिहासाकडे सलग पाहिले की एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. नवा रोजगार गावाच्या तत्कालीन हद्दीबाहेर, मोकळ्या आणि स्वस्त जमिनीवर उभा राहिला. वस्ती त्याच्या मागोमाग गेली. पाणी, रस्ते आणि पालिका सगळ्यांत शेवटी पोहोचल्या.

दरबाराचे शहर

अठराव्या शतकाच्या आधी पुणे म्हणजे मुठेच्या काठचा कसबा आणि त्याच्या आसपासच्या थोड्या पेठा. बाजीराव पेशव्यांनी शनिवारवाडा बांधला आणि राज्याचा कारभार येथून चालू लागला, तेव्हा शहर वाढू लागले. नवी पेठ वसवण्याची पद्धत ठरलेली होती. जागा नेमून द्यायची, एखाद्या व्यापाऱ्याला शेटेपणाचा हक्क द्यायचा, कौल देऊन काही वर्षे करात सूट द्यायची आणि त्याने बाहेरगावचे वाणी, उदमी, कारागीर आणून पेठ भरायची. सदाशिव, नारायण, भवानी, नाना, रास्ता, घोरपडे या पेठा त्या शतकात अशा टप्प्याटप्प्याने वसल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणले गेले, आणि या वस्तीला हौदांचा आधार मिळाला.

सरदारांचे वाडे, फौज, दप्तर, देवस्थाने आणि दक्षिणा हा या शहराचा रोजगार होता. तांबट, कासार, सोनार, जर काढणारे, विणकर, सावकार हे सगळे त्याच खर्चावर जगत. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हा खर्च थांबला. सरदार आपापल्या जहागिरींकडे गेले, फौज मोडली, कारागिरांची गिऱ्हाइके तुटली. पुढची काही दशके शहर आक्रसत राहिले. १८५१ च्या सुमारास त्याची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास होती. रोजगाराचा एकच धनी असलेल्या शहराचे काय होते, याचा हा पहिला धडा होता.

छावणी, लोहमार्ग आणि पेन्शन

इंग्रजांनी आपला रोजगार जुन्या शहरात आणलाच नाही. पूर्वेला पुणे छावणी आणि वायव्येला खडकी छावणी उभी राहिली. लष्कराला लागणारे शिंपी, खाटीक, धोबी, बेकरीवाले, दारूविक्रेते, ठेकेदार छावणीच्या बाजारात स्थिरावले. पारशी, बोहरी, तमिळ आणि तेलुगू भाषक कुटुंबे कॅम्पात दिसू लागली ती याच काळात. जुने शहर आणि 'लष्कर' असे दोन भाग पडले. त्यांची भाषा, बाजार आणि पालिकाही वेगळ्या राहिल्या.

१८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर मुंबईशी सलग गाडी सुरू झाली. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना निघाला. पुढची कित्येक दशके तो शहराजवळचा सर्वांत मोठा आधुनिक कारखाना होता. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि त्याच्या कालव्यावर छावणीचे पाणी व हडपसरच्या बाजूचा ऊस दोन्ही पोसले गेले. मुंढव्याला कागदगिरणी आणि स्टेशनजवळ कापडगिरणी सुरू झाली. तरीही पुण्याला मुंबईसारखे गिरणगाव लाभले नाही. बंदर जवळ नव्हते आणि मोठे भांडवल मुंबईत होते.

शहराच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी नोकऱ्या, लष्कर, न्यायालये आणि शिक्षण यांतून येत राहिला. १८५४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. निवृत्त अधिकारी हवेसाठी येथे स्थायिक होत, त्यातून 'पेन्शनरांचे पुणे' ही ओळख पक्की झाली. १८९७ च्या प्लेगने शहराची वाढ रोखली. साथीच्या दिवसांत लोक माळरानावर झोपड्या टाकून राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. पुढे नदीपलीकडे डेक्कन जिमखान्यासारख्या मोकळ्या वसाहती झाल्या, त्यामागे दाट पेठांची ही भीतीही होती.

या शहराच्या अर्थकारणाची पहिली पद्धतशीर पाहणी धनंजयराव गाडगीळ यांनी केली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. १९३० च्या दशकात घरोघर फिरून गोळा केलेली माहिती १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तांब्या-पितळेची भांडी, जर, हातमाग, विड्या हे हस्तोद्योग, किरकोळ व्यापार आणि पांढरपेशी नोकऱ्या असे त्यातून दिसणारे पुणे आहे. मोठ्या कारखान्यांचे शहर ते अजून झालेले नव्हते.

युद्ध आणि फाळणी

दुसऱ्या महायुद्धाने पहिला धक्का दिला. खडकी, देहूरोड आणि छावण्यांतील लष्करी कामे वाढली, हजारो हात कामाला लागले. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. शेतीच्या पंपांना लागणारी डिझेल इंजिने येथे बनू लागली आणि पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगाला घरचा पाया मिळाला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची मोठी छावणी पिंपरीला वसली. तोवर पिंपरी हे मुंबई रस्त्यावरचे खेडे होते. निर्वासितांनी तिथे बाजारपेठ उभी केली आणि ती आजही या पट्ट्यातील मोठी बाजारपेठ आहे.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ, १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि त्यानंतर काही वर्षांतच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या संस्थाही जुन्या शहराच्या कडेने, माळावर बांधल्या गेल्या. १९५० मध्येच पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. शहर पेठांबाहेर पसरण्याचा वेग एका दिवसाच्या आपत्तीने वाढवला.

पिंपरी-चिंचवड : माळरानावरची कारखानदारी

१९५४ मध्ये केंद्र सरकारने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. पेनिसिलिन देशातच बनवणारा हा सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना होता, आणि मागे वसाहत, शाळा, दवाखाना असा त्याचा पसारा होता. मोठ्या उद्योगाला पिंपरीच्या माळावर पाणी, वीज आणि माणसे मिळू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

पुढच्या दशकात मुंबईत जागेची टंचाई आणि नव्या कारखान्यांवरची बंधने वाढली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. महामंडळाने पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या जमिनी संपादित करून रस्ते, पाणी आणि वीज यांसह भूखंड तयार केले. मुंबई रेल्वेने चार तासांच्या आत होती, लोहमार्ग आणि महामार्ग दोन्ही दाराशी होते, आणि पुण्यातून अभियंते व आयटीआय झालेली मुले मिळत होती. बजाज ऑटो, बजाज टेम्पो, सँडविक, अल्फा लावल, एसकेएफ, ग्रीव्हज अशी नावे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने दिसू लागली. १९६१ मध्ये नीळकंठराव कल्याणी यांची भारत फोर्ज मुंढव्याला, तर १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स कोथरूडला निघाली.

टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीच्या पुणे कारखान्याची उभारणी या सगळ्यांत वेगळी होती. सुमंत मुळगावकर यांनी वाहनांच्या आधी टूल रूम आणि प्रशिक्षण विभाग उभा करायला घेतला. शिकाऊ मुले निवडून त्यांना वर्षानुवर्षे घडवायचे आणि मग उत्पादन वाढवायचे, अशी ही रीत होती. त्यातून तयार झालेले टूलमेकर, फिटर आणि टर्नर पुढे या सबंध पट्ट्यात पसरले. कुणी मोठ्या कंपनीत सुपरवायझर झाले, कुणी नोकरी सोडून भोसरीत दोन लेथ टाकले.

या छोट्या शॉपांशिवाय पट्ट्याचे रोजगाराचे गणित समजत नाही. वाहन कंपनी गाडी जोडते, पण तिचे गिअर, बुश, शाफ्ट, स्प्रिंग, रबराचे भाग, प्रेसचे काम बाहेरून येते. भोसरी आणि चिंचवडच्या गाळ्यांत जॉब वर्क करणाऱ्या हजारो कारखान्यांत दहा-वीस माणसे कामाला असत. मोठ्या कंपनीतल्या एका नोकरीमागे गाळ्यांत, वाहतुकीत, कँटीनमध्ये आणि दुकानांत आणखी माणसे कामाला लागत. स्कूटरसाठी लोकांना वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे त्या काळात या कामाला खंड नव्हता.

पालिका मागून आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांचा त्यात पुढाकार होता. कामगारांना रास्त दरात घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. निगडीच्या त्या नियोजित वसाहतीला लोक आजही नुसते 'प्राधिकरण' म्हणतात. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९७१ मध्ये एक लाखाच्या आत असलेली येथील लोकसंख्या १९९१ मध्ये ५.१७ लाख आणि २००१ मध्ये सुमारे १० लाख झाली.

कोण आले, कुठे राहिले

पहिल्या काळात येणारे बहुतेक लोक राज्यातलेच होते. सातारा, सांगली, सोलापूर, नगर आणि मराठवाड्यातून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ मोठा केला. रोजगार हमीच्या खडीवरून उठून कुटुंबेच्या कुटुंबे पुण्याला आली. खानदेश आणि विदर्भातून डिप्लोमा झालेली मुले कंपनीत 'लागण्यासाठी' येत. आधी आलेला गाववाला खोलीत जागा देई, भरतीची बातमी सांगे, आणि मग त्याचा भाऊ, मेव्हणा, गावचा शेजारी असे एकामागून एक येत. त्यामुळे एकेका चाळीत एकेका तालुक्याची माणसे दिसत.

पगारदार कामगाराला सोसायटीत घर घेता आले, पण बांधकामावरचा मजूर, हमाल, मोलकरीण, भाजीवाली यांच्यासाठी शहराच्या आराखड्यात जागा नव्हती. पर्वतीची टेकडी, ओढ्यांचे काठ, रेल्वेची कडा आणि कालव्याची बाजू वस्त्यांनी भरली. याच वर्गाने पुण्यात संघटनेची वेगळी परंपरा घडवली. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि रजा मागितली. १९९३ मध्ये कचरावेचक स्त्रियांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करण्याचे काम या स्त्रियांकडे आले.

कारखान्यांतले संघर्ष वेगळ्या जातीचे होते. १९७९ मध्ये आकुर्डीत बजाजच्या कामगारांच्या आंदोलनात गोळीबार झाला. टेल्कोत राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील आंदोलन १९८९ च्या सप्टेंबरात शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेले आणि पोलिसांनी ते मोडून काढले. त्यानंतर कंपन्यांनी कायम कामगार वाढवण्याचे टाळले. ट्रेनी, टेम्पररी आणि कंत्राटी ही विशेषणे भरतीत रूढ झाली. उत्पादन वाढत राहिले, पण 'परमनंट' होण्याची शक्यता पिढीगणिक कमी झाली.

संगणकाचा काळ

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याच सुमारास सॉफ्टवेअर निर्यातीसाठी सरकारी तंत्रज्ञान पार्क सुरू झाले. अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या १९८० च्या दशकात विनाअनुदान धोरणामुळे झपाट्याने वाढली होती, त्यामुळे मनुष्यबळ तयार होते. एमआयडीसीने मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारले. २००० च्या आगेमागे इन्फोसिस आणि तिच्यामागून विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्या तिथे आल्या. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईचा विमानतळ काही तासांच्या अंतरावर आला.

पूर्वेला मगरपट्ट्याची कथा निराळी आहे. हडपसरजवळच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली. जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने घरे व आयटी कार्यालये स्वतः बांधली. जमीन जाऊनही उत्पन्नाचा वाटा शेतकऱ्याकडे राहिला. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड सिटीतही पुढे हीच रीत वापरली गेली. बहुतेक गावांत मात्र गुंठा-गुंठा विकला गेला, पैसा घर, गाडी आणि लग्नांत गेला, आणि गावठाणातल्या खोल्यांचे भाडे हेच अनेकांचे नवे पीक झाले.

आयटीने रोजगाराचे स्वरूप बदलले. कारखान्याच्या पट्ट्यात स्त्रिया थोड्या होत्या, येथे त्या मोठ्या संख्येने आल्या. स्थलांतर राज्याबाहेरून वाढले. केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून शिकलेली तरुण मुले आली आणि त्यांच्या इमारती बांधायला त्याच राज्यांतून मजूरही आले. वाकड, बाणेर, खराडी, विमाननगर येथे कॉट बेसिस, मेस, पाळणाघर, कॅब आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी असा सेवांचा नवा बाजार उभा राहिला.

चाकण, तळेगाव, रांजणगाव

आयटीची चर्चा अधिक झाली, तरी कारखानदारी थांबली नव्हती. ती आणखी बाहेर सरकली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्रा तिथे आले. रांजणगावला फियाट आणि एलजी, तळेगावला जनरल मोटर्स आली. पुढे जनरल मोटर्स देशातून गेली आणि तिचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला.

जुन्या पट्ट्यात जमिनीची किंमत उत्पादनाच्या मिळकतीपेक्षा जास्त झाली. अनेक कारखाने बंद होऊन त्या जागी गृहसंकुले आणि मॉल आले. आकुर्डीत बजाजने २००७ मध्ये उत्पादन थांबवले आणि २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवरच्या स्कूटरचा कारखाना काढला. तंत्रज्ञान बदलले, पण सुटे भाग बनवणारी भोसरी-चाकणची साखळी अजून या प्रदेशाचे बळ आहे.

हद्द, पाणी आणि प्रवास

२००१ ते २०११ या दशकात पुणे शहराची लोकसंख्या २५.४ लाखांवरून ३१.२ लाख झाली, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढली. पिंपरी-चिंचवडची वाढ त्याच काळात ७० टक्क्यांच्या घरात होती आणि ती १७.३ लाखांवर पोहोचली. पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला, तर राज्य १६ टक्क्यांनी. वाढ मध्यभागापेक्षा कडेला किती वेगवान होती, हे या आकड्यांतून कळते.

महानगरपालिकेच्या हद्दी या वाढीमागून धावत राहिल्या. १९९७ मध्ये दोन्ही शहरांत भोवतालची गावे आली. बाणेर, बालेवाडी, खराडी पुण्यात आणि वाकड, मोशी, चिखली पिंपरी-चिंचवडमध्ये गेली. २०१७ मध्ये पुण्यात ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेतल्यावर शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेले आणि क्षेत्रफळाने ते बृहन्मुंबईपेक्षा मोठे झाले. गावे येईपर्यंत तिथल्या इमारती ग्रामपंचायतीच्या परवानगीने किंवा परवानगीविना उभ्या राहिलेल्या होत्या. रस्ते अरुंद राहिले आणि टँकर हाच पाणीपुरवठा झाला. लाखो लोक कामाला जातात ते हिंजवडी मात्र त्यानंतरही ग्रामपंचायतीखालीच राहिले. सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करणारे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, म्हणजे एमआयडीसीच्या पहिल्या भूखंडांनंतर सुमारे अर्ध्या शतकाने.

पाण्यावरचा ताण सर्वांत तीव्र आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे मुळात दौंड-इंदापूरच्या शेतीसाठीही आहेत. शहराचा वाटा वाढला तसा कालव्याच्या शेपटाकडे तंटा वाढला. पिंपरी-चिंचवडला पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला आणि ती योजना दीर्घकाळ थांबली.

प्रवासाची कथाही अशीच आहे. मुंबईत लोकल आधी आणि उपनगरे नंतर आली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली, पण ती एकाच दिशेची राहिली. कंपन्यांच्या बस आणि स्वतःची दुचाकी यांवर शहर चालले. दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. मेट्रोचे भूमिपूजन २०१६ मध्ये झाले आणि पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा हिंजवडीत कंपन्या येऊन दोन दशके उलटली होती.

पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रोजगार एका दरबारावर होता. आज तो वाहने, सुटे भाग, सॉफ्टवेअर, शिक्षण, संरक्षण आणि बांधकाम अशा अनेक क्षेत्रांत विभागला आहे, आणि त्यामुळे एखादे क्षेत्र मंदावले तरी प्रदेश पूर्वीसारखा आक्रसत नाही. मात्र काम आणि वस्ती यांच्यानंतर नियोजन येण्याचा क्रम बदललेला नाही. चाकणला ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली ती कारखाने आल्यावर. पुरंदर, खेड, शिरूर आणि मावळ तालुक्यांतल्या महामार्गालगतच्या गावांत गोदामे, कारखाने आणि गृहसंकुले येत आहेत, आणि तिथेही पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांचा प्रश्न आजच ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेला आहे.